पाठ ११ : शिवणयंत्राशी ओळख आणि पहिली पिशवी

वाचण्याआधी

घरातल्या मोठ्यांना हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.
१. आपल्या घरी, किंवा आजोळी, शिवणाचं मशीन होतं का? ते हाताने चालायचं, पायाने की विजेवर?
२. 'टीप मारणे' म्हणजे काय?
३. सुईला जे भोक असतं, त्याला मराठीत काय म्हणतात?

१. मशीन आणि मराठी

नवीन शिवणयंत्राच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका असते. तिच्यात इंग्रजी असतं, इथे घेतलेल्या मशीनच्या पुस्तिकेत बऱ्याचदा अरबीही असतं. मराठी मात्र जवळजवळ कधीच नसतं. पण शिवणकामाचे मराठी शब्द पुष्कळ आहेत आणि ते तुमच्या आजीला, मावशीला, काकूला नक्की येतात. या पाठात आपण दोन कामं एकदम करणार आहोत. मशीन चालवायला शिकायचं आणि ते शब्दही शिकायचे.

शेवटी आपण एक कापडी पिशवी शिवू. पिशवीच का? संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२४ पासून एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. अबू धाबीने ती १ जून २०२२ लाच आणली होती. दुबईत १ जुलै २०२२ पासून दर पिशवीमागे २५ फिल्स द्यावे लागायचे. महाराष्ट्रातही २०१८ पासून अशी बंदी आहे. म्हणजे घरातून निघताना "पिशवी घेतलीस का?" हा प्रश्न दुबईत आणि पुण्यात सारखाच विचारला जातो.

२. आधी वीज, मग शिवण

मशीन कुठून आलंय ते आधी बघा. इथली वीज २२० ते २४० व्होल्टची आहे आणि प्लगला तीन चौकोनी पिना असतात. भारतातली वीजही २३० व्होल्टचीच. त्यामुळे मुंबईहून आणलेलं मशीन इथे चालतं, फक्त प्लगचा आकार वेगळा असल्यामुळे अॅडॅप्टर लागतो.

अमेरिकेतून आलेल्या मशीनचं तसं नाही. ते बहुधा ११० ते १२० व्होल्टसाठी बनवलेलं असतं. साधा अॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. असं मशीन इथे थेट लावलं तर मोटर जळू शकते. मशीनच्या मागे किंवा खाली एक छोटी पट्टी असते. तिच्यावरचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

मशीन हलणार नाही अशा टेबलावर ठेवा. खाली जाड टॉवेल किंवा रबरी चटई घाला, म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांना धडधड ऐकू जाणार नाही. पायडल उजव्या पायाखाली येऊ द्या. आणि हा नियम पाठ करा : सुई बदलताना, दोरा ओवताना, बॉबिन काढताना मशीन बंद. पायडलवर चुकून पाय पडला तर सुईला बोट आणि कापड यातला फरक कळत नाही.

३. ओळख करून घेऊ

हाताने शिवायच्या सुईचं भोक वरच्या टोकाला असतं. मशीनच्या सुईचं भोक मात्र खाली, अगदी टोकाजवळ असतं. एलियास हॉव या अमेरिकन माणसाने १८४६ साली ज्या मशीनचं पेटंट घेतलं, त्याची सुई अशीच होती. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते, तिथे खालचा दुसरा दोरा त्यात अडकतो आणि टाका पक्का होतो. हाताने शिवताना एक दोरा लागतो, मशीनला दोन लागतात. एक वरचा, एक खालचा. एवढं लक्षात राहिलं की मशीनच्या अर्ध्या तक्रारी समजतात.

सुईच्या भोकाला मराठीत नेढं म्हणतात. तुम्ही सुट्टीत राजगडावर गेलात, तर सुवेळा माचीवर कड्याला आरपार पडलेलं एक मोठं भोक दिसेल. त्यालाही नेढंच म्हणतात! डोंगराला सुईचा शब्द दिलाय.

आता बाकीचे भाग :

* रीळ : वरचा दोरा ज्यावर गुंडाळलेला असतो ते.
* बॉबिन : खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ.
* फूट : कापड दाबून धरणारा धातूचा छोटा पाय. मागच्या दांडीने तो वर-खाली होतो.
* दाते : फूटच्या खाली असतात. ते कापड मागे सरकवतात.
* चाक : उजव्या बाजूला असतं. ते नेहमी आपल्याकडे फिरवायचं.
* टेन्शन : वरच्या दोऱ्याचा ताण कमी-जास्त करायचं बटण. घरोघरी हाच शब्द वापरतात.

४. दोरा ओवणे, पायरीपायरीने

१. बॉबिन भरा. वर आणि खाली एकाच जाडीचा दोरा घ्या. बॉबिनवर दोरा सारखा आणि घट्ट गुंडाळला गेला पाहिजे.

२. बॉबिन बसवा. वरून टाकायची बॉबिन असेल, तर दोरा ओढल्यावर ती बहुतेक मशीनमध्ये घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. झाकणाजवळ बाण काढलेला असतो. बाण आणि माझं म्हणणं जुळलं नाही, तर बाणाचं ऐका.

३. फूट वर करा. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. टेन्शनच्या आत दोन छोट्या चकत्या असतात. फूट वर असताना त्या उघड्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. फूट खाली असेल, तर चकत्या मिटलेल्या राहतात. मग दोरा वरच्यावर राहतो आणि त्याला ताणच मिळत नाही.

४. वरचा दोरा ओवा. मशीनवर १, २, ३ असे आकडे आणि बाण छापलेले असतात, त्याच क्रमाने जा. शेवटी नेढ्यातून दोरा समोरून मागे काढा.

५. खालचा दोरा वर आणा. वरचा दोरा डाव्या हातात धरून चाक आपल्याकडे एक पूर्ण फेरा फिरवा. वरचा दोरा हलकेच ओढला की खालच्या दोऱ्याचा फास वर येतो. दोन्ही दोऱ्यांची सुमारे १० सेंटिमीटरची टोकं मागच्या बाजूला ठेवा.

सुई बदलावी लागली, तर तिची सपाट बाजू बघा. बहुतेक आधुनिक घरगुती मशीनमध्ये ती मागे येते. साध्या सुती कापडाला ९० नंबरची सुई चालते, जीन्सला १०० नंबरची. पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे एकत्र लिहिलेले असतात. पहिला आकडा युरोपातल्या पद्धतीचा, दुसरा अमेरिकेतल्या.

५. टाका वाचायला शिका

मी दिवसा सॉफ्टवेअरचं काम करतो. तिथे कुठलाही बदल आधी वेगळ्या जागी तपासल्याशिवाय लोकांपर्यंत पाठवत नाहीत. शिवणकामातली ती वेगळी जागा म्हणजे चिंधी. चिंधी दुहेरी करा, टाक्याची लांबी २.५ ठेवा, टेन्शन मधल्या आकड्यावर, साधारण ४ वर ठेवा. फूट खाली करा आणि हळूहळू एक सरळ टीप मारा. कापड ओढू नका. दाते ते नेतात, आपण फक्त दिशा द्यायची.

आता चिंधी उलटसुलट करून बघा.

* दोन्ही बाजू सारख्या दिसतात : छान, पुढे जा.
* वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसतात : वरचा ताण जास्त आहे. टेन्शनचा आकडा थोडा कमी करा.
* खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे सैल फास दिसतात : वरचा ताण कमी आहे. आकडा थोडा वाढवा.
* कापडाखाली दोऱ्याचा मोठा गुंता झालाय : इथे सगळे फसतात. गुंता खाली दिसतो, म्हणून लोक बॉबिन काढून बघतात. पण चूक बहुतेक वेळा वर असते. वरचा दोरा चकत्यांमध्ये बसलेला नसतो. तो पूर्ण काढा, फूट वर करा आणि पुन्हा ओवा.

६. पिशवी शिवू

'कापड बेतणे' म्हणजे मापाप्रमाणे आखून कापणे. 'बेत' म्हणजे योजना, आणि 'बेतणे' हा त्याच शब्दाचा भाऊ. आधी बेत, मग कात्री! एकदा कापलेलं कापड परत अखंड होत नाही. तिथे कंट्रोल-झेड नाही.

पहिल्या पिशवीसाठी जाडसर सुती कापड घ्या. महाराष्ट्रात यासाठी स्वस्त मांजरपाट वापरतात. इथे बर दुबईच्या कापडबाजारात किंवा सतव्यातल्या दुकानांत सुती कापड मिळतं. दुकानदार यार्डात बोलला तर गोंधळू नका. यार्ड म्हणजे आपला वार, ३६ इंच, सुमारे ९१ सेंटिमीटर. 'नऊवारी' साडी म्हणजे नऊ वारांची, सव्वाआठ मीटरच्या आसपास. आपल्याला एक वार कापड पुरेल.

कापायचे तुकडे : ४० × ४५ सेंटिमीटरचे दोन, आणि पट्ट्यांसाठी ६० × ८ सेंटिमीटरचे दोन. कापड नवीन असेल, तर बेतण्याआधी धुऊन वाळवून इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं.

१. पट्टे : लांब कडा आत मध्यापर्यंत दुमडा, मग पट्टा मध्यावर दुमडा. २ सेंटिमीटर रुंद पट्टा तयार होतो. इस्त्री करून दोन्ही कडांवर टीप मारा.

२. तोंड : मोठ्या तुकड्याची ४० सेंटिमीटरची एक कड उलट बाजूला आधी १ सेंटिमीटर, मग ३ सेंटिमीटर दुमडा. पट्ट्याची दोन्ही टोकं या दुमडीत सरकवा, प्रत्येक टोक बाजूच्या कडेपासून १० सेंटिमीटर आत. मग पट्टा वरच्या दिशेला वळवून टाचण्या लावा. दुमडीच्या खालच्या आणि वरच्या कडेवर टीप मारा. पट्टा जोडला तिथे चौकोन आणि त्यात फुली शिवा, कारण कांदे-बटाट्यांचं सगळं वजन तिथेच येतं. दुसऱ्या तुकड्याचंही असंच करा.

३. बाजू : दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवा, सुलट बाजू आत. तीन बाजूंना, कडेपासून दीड सेंटिमीटरवर टीप मारा. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके उलटे घ्या, नाहीतर शिवण उसवेल. कोपऱ्यात सुई कापडात खाली ठेवा, फूट उचला, कापड वळवा, फूट खाली करा. टाचणी सुईजवळ आली की आधी काढून टाका.

४. कडा : सुटे धागे निघू नयेत म्हणून कडांवर झिगझॅग टाका घाला. पिशवी उलटवून सुलट करा.

तुमची पिशवी ३७ सेंटिमीटर रुंद आणि साधारण साडेएकोणचाळीस सेंटिमीटर उंच होईल. नसेल झाली, तर कुठली शिवण दीड सेंटिमीटरवर नाही ते मोजून शोधा.

दोन-तीन पिशव्या झाल्या की घरातली एखादी जुनी सुती साडी घ्या. विरलेलं कापड दुहेरी करून शिवा. पण ती कोणाची आहे हे विचारल्याशिवाय तिला कात्री लावू नका. महाराष्ट्रात जुन्या साड्यांच्या आणि धोतरांच्या घड्या एकावर एक रचून, हाताने धावदोरा घालून गोधडी शिवतात. साडी जुनी झाली म्हणून ती टाकाऊ होत नाही, आणि कधीकधी ती घडी करून कपाटात ठेवण्यासाठीच असते.

७. मशीनची काळजी

समुद्राजवळच्या दमट हवेत सुया गंजतात. त्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. मशीनवर आच्छादन घाला, कारण बारीक रेती बंद खिडकीतूनही आत येते. बॉबिनच्या जागेत साचलेला कापसाचा भुगा छोट्या ब्रशने काढा. तेल घालायचं की नाही हे पुस्तिकेत बघा. घालायचं असेल तर मशीनचंच तेल, खोबरेल नाही.

भाषा : तुटला की तोडला?

| आपोआप झालं | कोणीतरी केलं |
|---|---|
| दोरा तुटला | मी दोरा तोडला |
| कापड फाटलं | ताईने कापड फाडलं |
| गाठ सुटली | बाबांनी गाठ सोडली |
| सुई अडकली | मी सुई अडकवली |

दुरुस्ती करणाऱ्याला "दोरा तोडला" सांगितलंत, तर तो म्हणेल, "मग तोडू नका!" तुम्हाला म्हणायचं असतं "दोरा सारखा तुटतो". 'उसवणे' मात्र दोन्हीकडे चालतं : *शिवण उसवली. मी शिवण उसवली.*

शब्दांचा प्रवास

'रफू' आणि 'अस्तर' हे शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आले. तुमच्या शाळेत अरबी असेल, तर 'खैत' म्हणजे दोरा आणि 'खय्यात' म्हणजे शिंपी हे माहीत असेल. शिंप्याच्या दुकानाच्या पाटीवर हा शब्द शोधा. संत नामदेव शिंपी समाजातले होते, हेही लक्षात ठेवा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर द्या.
(अ) दोरा ओवताना फूट वर का असावा लागतो?
(आ) अमेरिकेतलं मशीन इथे थेट का लावू नये?
(इ) राजगडावरच्या 'नेढ्या'ला ते नाव का मिळालं असेल?

२. योग्य शब्द भरा. (उसवली, ओवला, बेतलं, तुटला)
(अ) आईने झबल्याचं कापड \_\_\_\_.
(आ) सुई वाकडी होती म्हणून दोरा \_\_\_\_.
(इ) आजोबांनी चष्मा लावून दोरा \_\_\_\_.
(ई) पिशवी जड झाली आणि शिवण \_\_\_\_.

३. वाक्प्रचाराचा अर्थ मोठ्यांना विचारा आणि वाक्यात वापरा : *आभाळाला ठिगळ लावणे, जिवावर बेतणे.*

४. बोला : आजीला किंवा आजोबांना व्हिडिओ कॉल करा. त्यांच्या घरी कपडे कोण शिवायचं, पहिलं मशीन कधी आलं, ते विचारा. या पाठात नसलेले शिवणकामाचे पाच शब्द त्यांच्याकडून लिहून घ्या. पुढच्या तासाला आपण सगळ्यांचे शब्द एकत्र करून वर्गाची यादी बनवू. ज्यांची पिशवी तयार असेल, त्यांनी ती सोबत आणा. आतली बाजू बाहेर काढून आणा, म्हणजे टाके वाचता येतील.