नेत्याविषयीचे मत आणि मतदाराचे मत
(एस. वाय. बी. ए., राज्यशास्त्र)

'लोकमत' हा शब्द आपण रोज ऐकतो. निवडणूक जवळ आली की अमक्या नेत्याच्या बाजूने लोकमत आहे, तमक्याच्या विरुद्ध लोकमत गेले आहे, अशी विधाने चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीपर्यंत सर्वत्र कानी पडतात. परंतु हे लोकमत कोणी मोजले, कोणाला विचारून मोजले आणि विचारणाऱ्याला लोकांनी मनातले सांगितले काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. मीही विचारीत नव्हते. २०२४ साली प्रथम वर्षात असताना आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी दिवाळीच्या सुटीत एक काम दिले. २० नोव्हेंबरची विधानसभा निवडणूक तोंडावर आली होती. "आपापल्या गावातील मतदारांना भेटा आणि देशपातळीवरच्या नेत्यांविषयी त्यांचे मत लिहून आणा," असे सरांनी सांगितले. या कामात माझी जी फजिती झाली आणि त्यातून जे शिकायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

नेते आमच्या दारी

एरवी राष्ट्रीय नेते म्हणजे आम्हां खेड्यातल्या माणसांना फोटोतले लोक. परंतु २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीच्या सहा महिन्यांत ते चांदवडच्या आसपास प्रत्यक्ष येऊन गेले. त्याला कारण कांदा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद केली. देशात कांदा कमी पडू नये व ग्राहकाला तो महाग पडू नये, अशी सरकारची बाजू होती. शेतकऱ्याची बाजू अशी की, भाव पडतात तेव्हा त्याला कोणी वाचवीत नाही आणि चढू लागले की दार बंद होते.

११ डिसेंबर २०२३ रोजी चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर झालेल्या आंदोलनात श्री. शरद पवार सहभागी झाले. १४ मार्च २०२४ रोजी श्री. राहुल गांधी आपली यात्रा घेऊन चांदवडला आले व शेतकऱ्यांच्या सभेत बोलले. १५ मे रोजी पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांची सभा शेजारच्या निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत येथे झाली. त्या सभेत गर्दीतून 'कांद्यावर बोला' अशी हाक आली, हे वर्तमानपत्रांतून छापून आले होते. निर्यातबंदी त्यापूर्वी, मे महिन्याच्या आरंभी उठली होती. पण किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम होते.

२० मे रोजी दिंडोरी मतदारसंघात मतदान झाले. चांदवड तालुका याच मतदारसंघात येतो. नाना, म्हणजे माझे वडील, मत देऊन आले आणि काही न बोलता कांद्याच्या चाळीकडे गेले. दुसऱ्या दिवशी, २१ मे रोजी, माझा बारावीचा निकाल लागला. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे जाणारी मी पहिलीच. प्रवेशाच्या वेळी पैसे हवे होते म्हणून नानांनी चाळीतला काही कांदा लवकर विकला. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात भाव चढले. नाना त्याविषयी आजतागायत एक शब्द बोललेले नाहीत. दिल्लीतला एखादा निर्णय आणि माझे कॉलेज यांच्यामध्ये ती चाळ उभी आहे, हे मात्र मला तेव्हा कळले.

मत मोजण्याचे शास्त्र

माझ्या फजितीकडे वळण्यापूर्वी थोडे शास्त्र सांगणे इष्ट होईल. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या नियतकालिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली. २३ लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन हे उमेदवार निवडून येणार, असे त्यांनी जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फारच थोड्या लोकांना विचारले होते. तरी कोण जिंकणार हे त्यांनी बरोबर सांगितले. असे का झाले? डायजेस्टने बरीचशी नावे दूरध्वनीधारक व मोटारमालक यांच्या याद्यांतून घेतली होती. मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे दूरध्वनी नव्हता, मोटार नव्हती, असे असंख्य मतदार त्या याद्यांत नव्हतेच. शिवाय ज्यांना पत्रे गेली त्यांतल्या थोड्यांनीच उत्तरे धाडली. तात्पर्य, किती जणांना विचारले यापेक्षा कोणाला विचारायचे राहिले, हे अधिक महत्त्वाचे.

आपल्या देशातही अंदाज चुकले आहेत. २००४ साली वाजपेयी सरकार परत येईल, असे बहुतेकांनी सांगितले होते. ते आले नाही. २०२४ साली मतदानोत्तर चाचण्यांपैकी बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला ३५० हून अधिक जागा दिल्या, मिळाल्या २९३. मतदानाचे सर्व टप्पे संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास कायद्याने बंदी आहे. मतदाराच्या मनावर आकड्यांचे दडपण येऊ नये, हा तिचा हेतू.

माझी वही

आता माझी गोष्ट. मी वहीत तीन रकाने आखले: 'आवडतात', 'आवडत नाहीत' आणि 'सांगता येत नाही'. पहिल्या दिवशी गावच्या पारावर गेले. दुसऱ्या दिवशी नानांबरोबर चांदवडच्या बाजार समितीत गेले व लिलावासाठी लागलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेतील शेतकऱ्यांना विचारले. सर्वांनी भरभरून उत्तरे दिली. वहीची पाने भराभर भरली आणि आपण मोठे संशोधन केले, असे मला वाटू लागले.

सुटीतच एके दिवशी बसस्थानकावर सर भेटले. मी उत्साहाने वही दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत चाळली आणि विचारले, "तुझ्या गावात बायका मतदान करीत नाहीत का?"

मी गप्प झाले. मी स्वतः मुलगी असून माझ्या वहीत एकही बाई नव्हती! डायजेस्टवाल्यांनी मोटारवाल्यांना विचारले आणि मी ट्रॅक्टरवाल्यांना, एवढाच काय तो फरक.

घरी येऊन आईला विचारले. ती म्हणाली, "मला काय विचारते? तुझ्या नानांना विचार." आजीला विचारले. ती म्हणाली, "आम्हांला काय कळतंय त्यातलं?" मी दोघींच्या नावापुढे तिसऱ्या रकान्यात खूण केली व आजीच्या नावापुढे 'मत नाही' असे लिहून टाकले.

त्या दिवसांत लाल कांद्याची काढणी चालू होती. दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवून मी आईबरोबर रानात गेले. ओळीने बसून बायका पात कापत होत्या. मी काही न विचारता पात कापू लागले, आणि तासाभरात आपोआपच बोलणे नेत्यांवर आले. एक काकू म्हणाल्या, "टीव्हीवर रोज दिसतो तो माणूस आपला वाटायला लागतो. पण दिसणं वेगळं अन् दारात येणं वेगळं." दुसरी म्हणाली, "येऊन तरी काय? येताना रस्ता झाडतात, गेल्यावर धुरळा आपल्यालाच." जुलै २०२४ पासून राज्य सरकारची 'लाडकी बहीण' योजना सुरू झाली होती व पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होत होते. त्यावर एक जण म्हणाली, "कांद्यात गेले त्याचा हिशोब कोण देणार?" त्यावर माझी आई, जी मला नानांना विचार म्हणाली होती, ती म्हणाली, "ते खरं. पण माझ्या नावावर पहिल्यांदा पैसे आले. ते मी विसरणार नाही. अन् कांदाही विसरणार नाही. मत मात्र मी बघून देईन."

या एका बोलण्यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

रात्री हे आजीला सांगितले तेव्हा ती हसली. मग जे बोलली ते मी कधी ऐकले नव्हते. ती म्हणाली, "माझं पहिलं मत इंदिराबाईंच्या वेळचं. तुझ्या आजोबांनी कुठं शिक्का मारायचा ते घरून पढवून धाडलं होतं. मी हो म्हणले. अन् मारला तिथं मारला. ते गेले तरी त्यांना कळलं नाही."

म्हणजे ती १९८० ची निवडणूक. त्या वेळी मतदानाचे वय २१ होते. ते १८ झाले ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ साली. १९८० च्या त्या निवडणुकीत कांद्याची महागाई हा प्रचाराचा मोठा विषय होता, असे पुढे वाचनात आले. शहरात कांदा महाग झाल्याचा राग आणि गावात तो स्वस्त झाल्याचा राग, असे एकाच पिकाचे दोन राग या देशात तेव्हापासून चालत आले आहेत.

आजी पुढे म्हणाली, "अन् चांदवडला बायकांचा मेळा झाला तवा भाकरी बांधून मीबी गेले होते." ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन आपल्या चांदवडला भरले होते. लाखांनी स्त्रिया आल्या होत्या. श्री. शरद जोशी यांची 'चांदवडची शिदोरी' ही पुस्तिका त्याच अधिवेशनाशी निगडित आहे. शेतकरी स्त्रीचे कष्ट, तिचा मालमत्तेतील वाटा व पंचायत राज्यातील तिचा सहभाग हे विषय तेथे चर्चिले गेले. त्या अधिवेशनाला गेलेल्या बाईच्या नावापुढे मी 'मत नाही' असे लिहिले होते!

"मग काल का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"मत कसं नसंल? पण ते तुझ्या वहीत कशाला?" आजी म्हणाली.

आजीला कायदा ठाऊक नाही. परंतु कायदा तिच्या बाजूचा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार, आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही.

मे आणि नोव्हेंबर

आता निकालांकडे पाहू. दिंडोरीत २०१९ साली भाजपच्या डॉ. भारती पवार निवडून आल्या होत्या व पुढे केंद्रात राज्यमंत्री झाल्या. २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे श्री. भास्कर भगरे यांनी त्यांचा सुमारे १ लाख १३ हजार मतांनी पराभव केला. त्या पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. दुसरे भगरे आडनावाचे एक अपक्ष उमेदवार केवळ 'तुतारी' या चिन्हावर उभे होते, त्यांनाही एक लाखाहून अधिक मते पडली. ही मते गोंधळातून पडली, असे सर्वत्र बोलले गेले. नेत्याविषयीचे मत यंत्रापर्यंत पोहोचेतो मध्ये चिन्ह असते, नाव असते, उमेदवार असतो. वाटेत ते चुकूही शकते. आपली पद्धत संसदीय आहे. यंत्रावर पंतप्रधानांचे बटण नसते आणि विरोधी नेत्याचेही नसते.

राज्यात लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. मग सप्टेंबरात किमान निर्यातमूल्य गेले, शुल्क निम्म्यावर आले, आणि नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीने जिंकल्या. चांदवडमध्ये भाजपचे डॉ. राहुल आहेर सलग तिसऱ्यांदा निवडून आले. सहा महिन्यांत मतदार फिरले, असे काही जण म्हणाले. मी नानांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तेव्हाचा सवाल वेगळा होता, आताचा वेगळा." कोणत्या सवालाला त्यांनी काय उत्तर दिले, हे त्यांनी सांगितले नाही व मीही विचारले नाही.

मला वाटते, नानांच्या या उत्तरात बरेच काही आले. मतदाराचे मत हे खिशातल्या नाण्यासारखे नसते, की मागितले आणि काढून दाखवले. नेता आवडणे, नेत्यावर रागावणे, त्याचे उपकार लक्षात ठेवणे आणि मत देणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकाच बाईच्या मनात त्या एकाच वेळी असू शकतात. जो फक्त 'आवडतात की नाही' एवढेच विचारतो त्याला तेवढेच उत्तर मिळते, आणि जो फक्त पारावर विचारतो त्याला फक्त पाराचे उत्तर मिळते.

जून २०२४ मध्ये मला अठरा वर्षे पूर्ण झाली, त्यामुळे २० नोव्हेंबरला मीही आयुष्यातले पहिले मत दिले. आजी, आई व मी तिघी एकत्रच गेलो. आजीला रांगेत बसायला खुर्ची दिली होती. बाहेर आल्यावर आजीने माझ्या बोटावरची शाई पाहिली आणि आम्ही घरची वाट धरली. वाटेत तिने काहीच विचारले नाही.

त्या रात्री मी वही उघडली आणि आजीच्या नावापुढचे 'मत नाही' खोडून 'मत आहे, सांगत नाहीत' असे लिहिले. सरांनी त्या वहीला फार गुण दिले नाहीत. परंतु त्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारून 'येथून अभ्यास सुरू होतो' असा शेरा दिला. पुढील निवडणुकीत असे काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती की, वही घेऊन जरूर जा, परंतु एखादा दिवस ती घरी ठेवून पात कापायलाही बसा.