सृष्टीसाठी चौतीस दिवस

वसईतल्या एका चर्चच्या व्हरांड्यात युवा मंडळाची सजावट चालली होती. पांढऱ्या फलकावर हिरव्या रंगात अक्षरं उमटत होती : ‘निर्मितीचा काळ’.

“आधी सांग, हा थर्माकोल कोणी आणला?” फादरांनी विचारलं.

ब्रश हातात धरलेली मुलगी ओशाळली, पण गप्प बसली नाही. “पुढच्या वर्षी पुठ्ठा घेऊ, फादर. पण आगमन काळ कळतो, उपवास काळ कळतो. हा कुठला नवीन काळ?”

“उपासनेच्या कॅलेंडरात हा सामान्य काळच. त्यातलेच १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हे दिवस सृष्टीसाठी प्रार्थनेचे म्हणून पाळायचे. आणि सुरुवात रोमने केलेली नाही, बरं का! १९८९मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स कुलपिता दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर ठरवला.”

“तोच दिवस का?”

“त्यांचं चर्चचं वर्ष त्या दिवशी सुरू होतं. बायझंटाइन साम्राज्याचं करवसुलीचं वर्षही तेव्हाच उघडायचं. पीक घरात आल्यावरच कर मागता येतो ना!”

“आणि ४ ऑक्टोबर म्हणजे असिसीचे संत फ्रान्सिस. पाखरांना प्रवचन देणारे.”

“पाखरांचं चित्र सगळ्यांच्या लक्षात राहतं,” फादर म्हणाले. “मला त्यांचं सूर्यस्तोत्र मोठं वाटतं. दृष्टी जवळजवळ गेलेली, शरीर खंगलेलं. अशा अवस्थेत, १२२५च्या सुमारास, त्यांनी सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटलं. तेही लॅटिनमध्ये नव्हे, उंब्रियाच्या बोलीत. १९७९मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केलं.”

या दोन तारखांमधला सगळा काळ पाळावा, अशी शिफारस २००७मध्ये रुमानियातल्या सिबियू इथल्या सर्वपंथीय युरोपीय मेळाव्याने केली. २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढलं आणि १ सप्टेंबरचा प्रार्थनादिन कॅथलिकांनाही लावून दिला. ईस्टरच्या तारखेवर ज्या चर्चेसचं आजही एकमत नाही, त्यांनी ही तारीख एकमेकांकडून घ्यावी, हे नवलच.

“म्हणजे पर्यावरणाचा बोलबाला झाला, मग चर्चला जाग आली?” मुलीने खोचकपणे विचारलं.

“तुझं आजोळ गोराईचं. आगेरा विसरलीस?”

ती हसली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ईस्ट इंडियन कॅथलिकांच्या गावांत भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात. युरोपातही हे जुनंच. पाचव्या शतकात, आजच्या फ्रान्समधल्या व्हिएनचे बिशप मामर्टस यांनी स्वर्गारोहणाच्या सणाआधी तीन दिवस प्रार्थना-मिरवणुका सुरू केल्या. पुढे त्या पिकांसाठी शेताशेतांतून निघू लागल्या.

“पण नुसत्या प्रार्थनेने विहिरी भरतात का?”

“नाही भरत. म्हणून तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरले. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून लोक त्यांना ओळखतात. वसईने त्यांना बिल्डरांशी आणि पाणी उपसणाऱ्या टँकरवाल्यांशी झुंजताना पाहिलंय.”

सृष्टीच्या जपणुकीसाठी खास मिस्सा रोमने जुलै २०२५मध्ये जाहीर केली. वसईकरांची ही चळवळ तिच्यापेक्षा तीन दशकांहून अधिक जुनी आहे.