काळ्या रानात घर बांधताना

प्रश्न : परभणीजवळ प्लॉट घेतला आहे. सहा फूट खणलं तरी काळी मातीच. पाया, शोषखड्डा आणि परसबाग यांचं कसं करावं?

उत्तर : काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच हालचाल उथळ पायाखाली झाली की खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरके तडे जातात. वरून लांबी भरून ते थांबत नाहीत. पाया मुरुमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल, तर तळाशी फुगीर असलेले, निदान साडेतीन मीटर खोलीचे अंडर-रीम्ड पाइल घ्या. खर्च वाढेल, पण इथे काटकसर नको. जोत्याभोवती उताराची फरशी हवीच.

शोषखड्ड्याचं गणित मात्र अवघड आहे. खड्ड्यात रात्रभर पाणी ठेवा, सकाळी पुन्हा भरून पातळी मोजा. अडीच सेंटिमीटर उतरायला तासाहून जास्त वेळ लागला, तर शोषखड्डा तुंबणारच. मग सेप्टिक टँकनंतर गाळणटाकी बांधा.

बागेत पपई लावायची तर गादीवाफ्यावरच. साचलेल्या पाण्यात तिची मुळं कुजतात. आणि मोठी झाडं भिंतीपासून लांब लावा. मुळं पायाजवळची ओल शोषतात.

गवंड्याला बोलावण्याआधी मातीची तपासणी करून घ्या.