क्रँकशाफ्टची पुली : बाहेरच्या बनावटीची घ्यावी काय?

मोटारीच्या सुट्या भागांच्या व्यापारात ‘कंपनीचा माल’ आणि ‘बाहेरचा माल’ हा भेद नित्याचाच आहे. आरसा किंवा पायपोस बाहेरच्या बनावटीचा निघाला, तर फार तर गैरसोय होते. क्रँकशाफ्टच्या पुलीची गोष्ट निराळी आहे.

ही पुली पट्ट्याच्या योगाने अल्टरनेटर व पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंप फिरविते, एवढेच सामान्यतः ठाऊक असते. परंतु चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टला प्रत्येक फेऱ्यात दोन धक्के बसतात. मिनिटास ३००० फेरे असता सेकंदास १०० धक्के झाले. प्रत्येक धक्क्यासरशी शाफ्ट किंचित पिळला जातो व पुन्हा सुटतो. धक्क्यांचा ताल आणि शाफ्टचा स्वाभाविक कंप एकमेकांशी जुळले, म्हणजे हा पीळ वाढत जाऊन अखेर पोलादालाही तडा जाऊ शकतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअराने १९१० च्या सुमारास यावर कंपशामकाची योजना केली. आज अनेक गाड्यांत तेच कार्य पुलीत सामावलेले असते : आत तुंबा, बाहेर जड कडे, व दोहोंमध्ये कंप शोषणारे रबर.

हलकी, अखंड ॲल्युमिनियमची पुली विकताना इंजिन चटकन वेग घेते असे सांगतात. ते खोटे नव्हे; पण लाभ अल्प, आणि रबरासमवेत शाफ्टचे रक्षणही गेलेले असते. शिवाय पुली मापाने लहान असेल तर तिने फिरणारा पंपही मंदावतो. रामाकोन्याहून छिंदवाड्याकडे सातपुड्याचा चढ भरल्या गाडीने चढणाऱ्यास हे परवडणारे नाही.

म्हणून बाहेरची प्रत्येक पुली त्याज्य, असे मात्र आमचे म्हणणे नाही. काही इंजिनांची मूळ पुलीच अखंड असते. तेथे नीट तोललेली दुसरी चालते. मूळ पुलीत रबर असल्यास तितक्याच वजनाची व मापाची रबरयुक्त पुली नामांकित कारखान्याची घ्यावी. खोट्या शिक्क्याच्या डब्यातील माल ही स्वस्ताई नव्हेच. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये तो विकणे गुन्हा आहे.

गिऱ्हाइकाला जुनी पुली घेऊन येण्यास सांगावे. रबर तेलाने फुगलेले वा भेगाळलेले आहे काय, ते पाहावे. संशय राहिल्यास ती गाडीवर असतानाच तुंब्यापासून कड्यापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढावी, थोडा वेळ इंजिन चालवून बंद करावे. रेघ तुटून सरकलेली दिसली, तर पुली बदलण्यास विलंब करू नये.