मिटता चाकू उलगडतांना सुट्या भागांचा ताळा

शेतकऱ्याचीं हत्यारें म्हटलीं म्हणजे नांगर, वखर, कोयता हीं डोळ्यांपुढें येतात. खिशांतला मिटता चाकू कोणी त्यांत धरीत नाहीं. तथापि सुतळी तोडण्यापासून तों द्राक्षाचें कलम बांधण्यापर्यंत दिवसांतून वीस वेळां हात त्याच्याकडेच जातो. अलीकडे स्क्रूंनीं जोडलेले चाकू मिळूं लागल्यापासून ते घरींच उलगडून साफ करण्याची प्रवृत्ति वाढली आहे. ती चांगली आहे. परंतु तिला शिस्त हवी.

उलगडण्याचें कारण. कलमाच्या दिवसांत झाडाचा चीक सांध्यांत उतरून घट्ट होतो. संत्रा-मोसंबीचा एक्सोकॉर्टिस रोग चाकूच्या पात्यामार्फतहि एका झाडापासून दुसऱ्यास जडतो. म्हणून पातें ब्लीचच्या पातळ द्रावणांत बुडवून घेतात. तें द्रावण सांध्यांत राहिलें कीं पोलाद गंजतें. अशा वेळीं चाकू उलगडून पुसणें भाग पडतें.

आमची चूक. आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. कागदांत एका गुंठ्याची तफावत दिसली तर तो कागद पुढें सरकूं दिला नाहीं. असें असतां तीन वर्षांपूर्वीं सप्टेंबरांत, द्राक्षाचीं कलमें चाललीं असतां, पुतण्याचा चाकू आम्हीं ओट्यावर बसून उलगडला आणि मोजदाद मात्र केली नाहीं. जोडतांना कांशाची एक चकती सांपडेना. काड्या त्याच दिवशीं कापून ओल्या गोणपाटांत ठेविल्या होत्या. काम खोळंबूं नये म्हणून तिच्यावांचूनच स्क्रू आवळले. पातें बाजूला हलूं लागलें, खटका पुरता बसेना. तिसऱ्या ओळींत काडीला पाचर देतांना चाकू मिटला आणि पुतण्याच्या तर्जनीस चार टाके पडले. चकती आठ दिवसांनीं सांपडली. हात पुसण्याच्या चिंधीला ती तेलानें चिकटून बसली होती.

कोणता चाकू उलगडूं नये. ज्याच्या मुठीस रिवेट ठोकलेले आहेत तो कधींहि उलगडूं नये. परंपरागत कलमी चाकू बहुधा याच जातीचे असतात. ते कोमट पाणी व जुना दांत घासण्याचा ब्रश यांनीं धुवावे, नीट वाळवावे व सांध्यांत तेलाचा एक थेंब सोडावा.

भागांची ओळख. स्क्रूच्या चाकूंत सामान्यतः मुठीच्या दोन बाजू, आंतल्या पोलादी पट्ट्या, पातें, सांध्याचा खिळा, पात्याच्या दोन्ही अंगांस एकेक चकती, उघडलेल्या पात्यास अडविणारी आडवी पिन, खिशाला अडकविण्याची पट्टी आणि स्क्रू इतके भाग येतात. कांहींत चकतीऐवजीं मोहरीएवढ्या पोलादी गोळ्या असतात. त्या सुट्या असल्यास सांभाळणें सर्वांत कठीण.

जागा. काम परातींत करावें. तींत पांढरें फडकें पसरावें, पंखा बंद करावा, मुलांस दूर ठेवावें. कांठामुळें घरंगळलेला स्क्रू आंतच राहतो. जवळ बशींत लोहचुंबक ठेवल्यास पोलादी स्क्रू त्यास धरून राहतात. परंतु कांशाच्या अथवा नायलॉनच्या चकत्या चुंबक धरीत नाहीं, हें विसरूं नये. त्यांस वेगळी वाटी द्यावी.

नोंद. जाड पुठ्ठ्यावर चाकू ठेवून त्याची आकृति पेन्सिलीनें काढावी. निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतींत त्याच्याच जागीं भोंक पाडून खोंचावा. स्क्रू दिसण्यांत सारखे असले तरी लांबींत फरक असतो. लांब स्क्रू आंखूड स्क्रूच्या जागीं गेला तर तो आंत निघून पात्याला घासतो. चकती काढतांना उजवी कीं डावी, व कोणती बाजू वर होती, हें लिहावें. प्रत्येक पायरीस मोबाइलवर छायाचित्र घ्यावें. तथापि छायाचित्र मोजदाद करीत नाहीं, म्हणून शेवटीं एकूण संख्या कागदावर आंकड्यांत मांडावी. चिंधी झटकून पाहिल्याखेरीज टाकूं नये.

तारकाकृति डोक्याच्या स्क्रूस त्याच मापाचा स्क्रूड्रायव्हर लावावा. बहुधा टी-६ व टी-८ हीं मापें लागतात. आट्यांस गोंद लावलेला असल्यास स्क्रू हटत नाहीं. तेव्हां जोर न करितां तो किंचित् तापवावा. जेथें स्प्रिंग उडण्याचा संभव आहे तेथें हात व चाकू पारदर्शक पिशवींत घालून काम करावें.

भाग हरवल्यास. प्रथम पाय हलवूं नयेत. विजेरी जमिनीशीं आडवी धरावी. आडव्या उजेडांत लहानशा वस्तूचीहि लांब सावली पडते. न सांपडल्यास जागा कुंच्यानें झाडून केर बारीक चाळणींतून काढावा. चाकू मात्र अपुरा जोडूं नये. त्या दिवशीं शेजाऱ्याचा मागून आणावा.

जोडणी. उलट क्रमानें जोडावें. पुठ्ठा रिकामा झाला व आंकडा जुळला म्हणजेच काम झालें. नंतर पातें उघडून त्याची पाठ लांकडावर हलकेच दाबावी व खटका धरतो कीं नाहीं तें पहावें. त्या वेळीं बोटें पात्याच्या वाटेंत नसावीं.

पुतण्याचें बोट बरें झालें. पण टोंकाचा स्पर्श अद्याप बधिर आहे, आणि कलमाची पट्टी गुंडाळतांना तो आतां मधलें बोट वापरतो. ती चकती आम्हीं आमच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर डकवून ठेविली आहे.