परातीतला रणगाडा

लेकरा, किट आणलंस, बरं केलंस. डब्यावरचं चित्र बघून रात्रीच कापाकापी सुरू करशील हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी हे वाच. माझा पहिला रणगाडा मी दोन दिवसांत जोडला होता. फेविक्विकनं त्याचा बुरूज असा धरला की तोफ कायमची स्वयंपाकघराकडे रोखलेली राहिली. तुझी आजी त्यावरून अजून बोलते.

१. कुठला गाडा, कुठल्या दिवसाचा, कुठल्या रस्त्यावरचा, हे आधी वहीत लिही — रंग, चिखल, माणसं सगळं त्यावरून ठरतं.

तू शर्मन रणगाडा आणलायस, मग लांब कशाला जातोस? आपल्याच तालुक्यातला दिवस घे: १३ सप्टेंबर १९४८, नळदुर्ग. मेजर जनरल जयंतोनाथ चौधरींची पहिली आर्मर्ड डिव्हिजन सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली, आणि तिच्यात शर्मन होते. बोरी नदीवरचा पूल सैन्याच्या हाती शाबूत लागला, म्हणून तर चिलखती तुकडी त्याच दिवशी उमरग्यापर्यंत गेली. तेव्हा पुलाचा देखावा करशील तर मोडका पूल करू नकोस. मोडका पूल दिसायला झकास असतो, पण आपल्या गावचा कुणी म्हातारा बघायला आला तर काठी उगारेल.

२. पस्तीसचा पाढा पाठ कर — १:३५ म्हणजे खऱ्या गाड्यावरचे पस्तीस सेंटीमीटर तुझ्याकडे एक. साधारण पावणेसहा मीटर लांबीचा शर्मन टेबलावर साडेसोळा सेंटीमीटर भरतो, आणि त्याच्याशेजारी उभा राहणारा जवान पाच सेंटीमीटरच्या आतबाहेर.

हा पस्तीसचा आकडा कुठल्या शास्त्रानं ठरवलेला नाही बरं. तामिया या जपानी कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला, तेव्हा पोटात बॅटरीचे सेल मावतील एवढा तो केला आणि माप निघालं पस्तीसाव्या हिश्शाचं. सेल बसले, तेच जगाचं माप झालं.

३. माळ्यावरची जुनी परात खाली काढ आणि तिच्यातच काम कर — उडालेला तुकडा परातीत वाजतो, जमिनीवर नुसता नाहीसा होतो. कणकेच्या परातीला हात लावू नकोस. ती चूक मी करून बसलोय.

४. तुकड्यांची फ्रेम साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळव — साच्याचा तेलकटपणा राहिला की रंग केळीच्या सालीसारखा सुटतो.

५. तुकडा निपरनं कापताना थोडं बूड ठेव, उरलेलं पॉलिश पेपरनं घास — मुळाशी चावा घेतला की खड्डा पडतो, आणि खड्डा भरायला कापण्याच्या दहापट वेळ जातो.

६. गोंद लावण्याआधी दोनदा कोरडं जोडून बघ — डिंक आणि सोयऱ्याला दिलेला शब्द, लागला की सुटत नाही.

७. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायला प्लॅस्टिक सिमेंटच वापर. दिव्याच्या काचेला आणि पारदर्शक तुकड्यांना फेव्हिकॉल — फेविक्विकच्या वाफेनं काच पांढरी धुरकट होते. माझ्या एका गाड्याला असा मोतीबिंदू झालाय.

८. दातेरी चाक कुठल्या टोकाला, हे पत्रकात तीनदा बघ — शर्मनला पट्टा ओढणारं दातेरी चाक पुढे असतं, सेंच्युरियनला मागे. माझा एक शर्मन सहा महिने उलटा उभा होता आणि घरातल्या कुणाला कळलं नाही. मला कळलं त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही.

९. शर्मनचा पट्टा ताणून बसव — झोळीसारखा लोंबता पट्टा रशियाच्या टी-३४ ला शोभतो, याला नाही. आणि सगळा पट्टा गंजाच्या रंगात बुडवू नकोस. शर्मनच्या बऱ्याच पट्ट्यांत रबराचे ठोकळे असायचे, आणि रबराला गंज चढत नाही.

१०. खालची बाजूही रंगव — "खालचं कोण बघतंय" म्हणणाऱ्याचं वरचंही वाकडंच निघतं.

११. रंगाचं काम सकाळी आठच्या आत — आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी फवारा मारलास तर रंग गाड्यापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि अंगावर रवा पसरल्यासारखा खरखरीत बसतो. पावसाळी दमट दिवशी चमकदार थर धुरकटतो, तेव्हा त्या दिवशी फक्त चाकं घास.

१२. खिडकी उघडी, तोंडाला मास्क, आणि टर्पेंटाइनची बाटली चुलीपासून लांब — याचं कारण सांगत बसत नाही.

१३. निव्वळ काळा रंग कुठेच लावू नकोस, गडद राखाडी लाव. हिरवाही डब्यातल्यापेक्षा किंचित फिका कर — छोट्या वस्तूवर रंग असतो त्यापेक्षा गडद दिसतो.

१४. आधी चमकदार थर, मग डिकल म्हणजे खुणा-आकड्यांचे छाप, मग वॉश म्हणजे खाचांत मुरवायचा पातळ रंग, शेवटी मॅट थर — खरखरीत रंगावर डिकल चिकटवलंस तर खाली हवा अडकते आणि आकड्याभोवती चंदेरी कडा चमकते. वॉश तेलरंगाचा असेल तर खालचा रंग ॲक्रिलिक हवा, नाहीतर टर्पेंटाइन खालचंच खाऊन टाकतं.

१५. खुणा आणि नंबर मनानं घालू नकोस. फोटो सापडला तर लाव, नाहीतर जागा मोकळी सोड — रिकामी जागा खोटं बोलत नाही.

आता चिखल. इथेच सगळे घसरतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे काळ्या रानात पाय टाकला तर चप्पल रानातच राहते. तेव्हा चिखल हवाच. पण तू उत्साहानं बांधावरची माती आणशील आणि तशीच थापशील. मी तेच केलं होतं. तिसऱ्या दिवशी ती उन्हाळ्यातल्या शेतासारखी भेगाळली आणि पट्ट्यासकट सुटून आली. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. ती जिथं जाईल तिथं तेच करणार.

१६. माती वाळव, वस्त्रगाळ कर, थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि पातळ फेव्हिकॉल मिसळून पातळ थरात लाव — ज्वारीच्या दाण्याएवढा खडा राहिला तर पस्तीसच्या हिशेबानं तो चौदा सेंटीमीटरचा दगड होतो.

१७. खाली ओला गडद चिखल, वर वाळलेला फिका. शिंतोडे जुन्या टूथब्रशनं उडव — चिखल चाकाकडून वर चढतो, आभाळातून पडत नाही.

१८. जवानांचे बूट जिथं घासतात त्या झाकणांच्या कडांवर आणि दातेरी चाकाच्या दातांवर शिसपेन्सिलीची पूड बोटानं चोळ — वापरलेलं लोखंड तिथंच चमकतं. बाकी अंगावर चोळलंस तर गाडा कल्हई केल्यासारखा दिसेल.

१९. थांबावं असं वाटलं की थांब — चिखल घालता येतो, काढता येत नाही. माझे निम्मे गाडे शेवटच्या अर्ध्या तासात बिघडलेत.

२०. उरलेली फ्रेम टाकू नकोस. मेणबत्तीच्या जरा वर धर आणि गरम झाली की हळू ओढ — केसासारखी एरियल निघते. गुंडाळलेली ताडपत्री टिश्यू पेपर आणि फेव्हिकॉलची. एम-सीलची करशील तर मिसळल्यावर लगेच हात चालव, ते कुणासाठी थांबत नाही.

२१. जमेल तेव्हा बापाला घेऊन नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांच्या संग्रहालयात जा — पुस्तकातल्या दहा फोटोंपेक्षा चाकाला लावलेला एक हात जास्त शिकवतो. १९९४ पासून ते उघडं आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये लढले, तो 'फॅमागुस्ता' नगरच्याच आर्मर्ड कोर सेंटरनं जपून ठेवलाय. अधिकारी एकवीस वर्षांचा होता. तुझ्या थोरल्या भावापेक्षा फार मोठा नाही.

२२. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत मांडायचा म्हणतोस तर नागपंचमीपर्यंत जोडणी आणि पोळ्याआधी रंग उरक — गणपतीत तुझं लक्ष कशात लागत नाही, हे मी गेली चार वर्षं बघतोय.

बारीक कामाला माझा भिंगाचा चष्मा ने. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे. फक्त सकाळी पेपर यायच्या आत परत आण.