आधी लाकूड उतरवा

पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबर संपता संपता हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि आमचं अर्धं गाव रानात जातं. शेजाऱ्याच्या सोबतीनं मीही परवाना काढून जाऊ लागलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. जुन्या लष्करी रायफलींची ओढ मात्र त्याच्याही आधीची. आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले होते. साताऱ्याच्या घरात माजघराच्या भिंतीवर थ्री-नॉट-थ्री खांद्याला लावलेला त्यांचा फोटो असे. त्या फोटोखाली मी लहानाचा मोठा झालो, आणि एका लिलावात एक जुनी लष्करी रायफल दिसली तेव्हा डोक्याआधी हात वर गेला.

ती १९०३ची स्प्रिंगफील्ड होती, पहिल्या महायुद्धातली अमेरिकी सैन्याची रायफल. कुणीतरी तिची शिकारी रायफल करून घेतली होती. नळीच्या टोकापर्यंत जाणारं जाड लष्करी लाकूड काढून सडपातळ अक्रोडी दस्ता बसवला होता, त्यावर बारीक चौकड्यांची नक्षी होती, बोल्टची मूठ वाकवलेली होती आणि वर दुर्बीण होती. विकणारा म्हणाला, हे ग्रिफिन अँड हाऊचं काम आहे. बंदुका घडवणारी न्यूयॉर्कची ही पेढी १९२३ची. हेमिंग्वेकडे तिनंच घडवलेली स्प्रिंगफील्ड होती, हे मला माहीत होतं. मी १,४०० डॉलर मोजले.

पंधरा दिवसांनी एका जुन्या बंदूक-कारागिराकडे ती साफ करायला नेली. त्यांनी खालचे दोन स्क्रू सोडवले, दस्ता अलगद बाजूला ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकेक दाखवू लागले. ग्रिफिन अँड हाऊच्या रायफलीच्या नळीवर पेढीचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. इथे काहीच नव्हतं. लष्करी नळीवर पुढच्या माशीच्या मागे कारखान्याची अक्षरं आणि महिना-वर्ष ठोकलेलं असतं. नळी पुढून कापल्यामुळे तेही गेलं होतं. दुर्बिणीसाठी रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी खोबणीला, चार भोकं पाडली होती, त्यातलं एक रेषेबाहेर. शेवटी त्यांनी रिसीव्हरवरच्या क्रमांकावर बोट ठेवलं. तो आठ लाखांच्या आतला होता. माझ्या पावतीवरही तो छापलेला होता, मी वाचलाही होता. त्याचा अर्थ मात्र मला ठाऊक नव्हता.

हा अर्थ प्रत्येकाला माहीत असायलाच हवा. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात सुरुवातीच्या काळात रिसीव्हरचं पोलाद तापवताना तापमान मोजत नसत. भट्टीतल्या लोखंडाचा रंग पाहून अनुभवी कामगार ठरवत. पण लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका दिसतो, म्हणून कामगार आणखी तापवत राही आणि पोलाद जळून ठिसूळ होई. १९१७मध्ये काही रायफली फुटल्या, चौकशी झाली आणि १९१८मध्ये पद्धत बदलली. म्हणून स्प्रिंगफील्डचा ८,००,०००च्या खालचा आणि रॉक आयलंडचा २,८५,५०७च्या खालचा क्रमांक संशयित मानतात. त्यातल्या पुष्कळ रायफली आजवर टिकल्या, हे खरं. पण यातली कुठली उन्हाच्या दिवशी भट्टीतून निघाली, हे बाहेरून कळत नाही, आणि जळलेलं पोलाद पुन्हा तापवून सुधारत नाही. त्या खोबणीपासून चार बोटांवर तुमचा डोळा असतो. कारागीर म्हणाले, ‘‘ही मी कुणाला झाडू देणार नाही.’’ म्हणजे शिकारीला उपयोग नाही, आणि भोकं पाडल्यामुळे संग्राहकालाही नको. सुट्या भागांचे मिळून त्यांनी तीनशे डॉलर धरले.

मला फसवलं ते लाकडानं. सुंदर अक्रोड म्हणजे मोठा कारागीर, असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं शिलकी रायफली नागरिकांना अगदी स्वस्तात विकल्या. घरोघरी लोकांनी त्या करवतीनं कापल्या, कानशीनं घासल्या. त्यांना मी दोष देत नाही; त्यांना हिवाळ्यासाठी मांस हवं होतं आणि अशा रायफली तेव्हा ढिगानं होत्या. पण त्याच काळात मिझुरीतल्या वॉर्सा गावच्या बिशप आणि फेजन या कारखान्यांतून अर्धे कोरलेले अक्रोडी दस्ते टपालानं घरी येत. बाकीचं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर होई. हात चांगला असेल तर ते देखणंही होई. पण देखणं काम आणि नावाजलेल्या पेढीचं काम यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून अशी रायफल समोर आली तर आधी लाकूड उतरवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर तिथून निघा. लाकडाखाली काय परत पूर्ववत होऊ शकतं आणि काय नाही, एवढंच शोधायचं. दस्ता बदलता येतो. भोक बुजवलं तरी भोकच राहतं, कापलेली नळी वाढत नाही. १९१७च्या एनफील्ड या अमेरिकी लष्करी रायफलीवर मागच्या माशीच्या दोन्ही बाजूंना कानासारखे उंचवटे असतात. शिकारी लोक ते घासून टाकत, आणि घासले की मूळपण गेलं. नळीवर कोरलेल्या मापावरही विश्वास ठेवू नका. १९६०मध्ये पॉइंट थ्री-झिरो-एट नॉर्मा मॅग्नम हे काडतूस आलं ते असं बेतलेलं, की थर्टी-ऑट-सिक्सच्या, म्हणजे स्प्रिंगफील्डच्या मूळ काडतुसाच्या, जुन्या नळीतली काडतुसाची जागा मोठी करून ते वापरता यावं. वरचे आकडे जुने आणि आतली जागा नवी, अशा रायफली आहेत. जाणत्या कारागिराकडून त्या जागेचा साचा काढून आणि गेज लावून घ्या, मगच किमतीचं बोला. कागद किंवा कोरीव खूण नसेल तर तोंडी सांगितलेल्या नावाचा एक डॉलरही जास्त देऊ नका. आणि ‘‘मी हिच्यावर दोन हजार खर्च केलेत’’ असं कुणी म्हणालं तर आदरानं ऐका. तो त्याचा खर्च आहे, रायफलीची किंमत नाही.

गेल्या वर्षी आमच्याच गल्लीतल्या एक आजी नवऱ्यामागे राहिलेली रायफल घेऊन माझ्याकडे आल्या. कुणीतरी दीडशे डॉलर देऊ केले होते. दस्ता साधा, नक्षी नाही, पॉलिश उडालेलं. स्क्रू सोडवले तर आत स्मिथ-कोरोनाची ०३-ए३ स्प्रिंगफील्ड होती, टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीनं दुसऱ्या महायुद्धात केलेली. नळी पूर्ण लांबीची, तिच्यावर १९४३चा शिक्का, रिसीव्हरवर एकही जादा भोक नाही, मागची माशी जागच्या जागी. मी त्यांना विचारलं, घरात कुठे लांब, जड लाकूड ठेवलेलं आठवतं का? त्या थोडा वेळ विचार करत बसल्या. मग म्हणाल्या, पोटमाळ्यावर ख्रिसमसच्या सामानामागे काहीतरी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय, नवरा कधी टाकू द्यायचा नाही. आम्ही दोघं शिडी घेऊन वर गेलो.